भीमाकाठचे ध्यानगृह : काळी, पांढरी आणि डोक्यावरचे छप्पर

गोव्यातून दत्तदर्शनासाठी निघालेला यात्रेकरू अक्कलकोट मागे टाकून कर्नाटकाच्या हद्दीत शिरतो, तेव्हा खिडकीबाहेरचा रंग पार बदललेला असतो. तांबडी माती आणि दाट झाडी केव्हाच संपलेली असते. उरते ती काळीभोर, उन्हाळ्यात भेगाळलेली जमीन, तुरीची शेते, मधूनच एखादा कडुलिंब आणि क्षितिजापर्यंत मोकळे आकाश. कलबुर्गी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यातील करजगी हे गाव याच पट्ट्यात येते. याच तालुक्यात भीमा आणि अमरजा यांच्या संगमावर गाणगापूर आहे. बोली कन्नड, पण मराठी समजणारे कान घरोघरी, अशी ही सीमेवरची वस्ती.

निसर्गाच्या सान्निध्यात योग आणि ध्यानासाठी निवास म्हटले की डोळ्यांसमोर डोंगर, अरण्य किंवा समुद्र येतो. भीमाकाठचे हे सपाट, कोरडे रान सहसा कोणाला आठवत नाही. वास्तविक शांतता येथे मुबलक आहे, आणि साधनेची परंपराही जुनी आहे. अडचण आहे ती इमारतीची. अशा ठिकाणी साधकांसाठी काही उभारायचे, तेही पर्यावरणाला कमीत कमी ओझे देऊन, तर ते कसे असावे, याचे उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावरून उचलून आणता येत नाही.

किनाऱ्यावरील योगशिबिरांची बांधणी ओळखीची आहे. बांबूचे खांब, चुडतांचे छप्पर, चारी बाजू मोकळ्या. हवा दमट असल्यामुळे तेथे दिवस आणि रात्र यांच्या तापमानात फारसे अंतर पडत नाही. वारा अंगावरून वाहत राहिला की माणसाला बरे वाटते. करजगीच्या रानात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि दुपारचा वारा थंडावा देण्याऐवजी भाजून काढतो. तेथे उघडी बाजू म्हणजे झळांना दिलेले आमंत्रण. रात्री मात्र उघड्यावर हवा उतरते. पाऊसही निराळा. गोव्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, येथे त्याच्या चौथा हिस्सा मानला तरी पुष्कळ. त्यामुळे भिंत जाड हवी, खिडकी लहान हवी आणि सावली खोल हवी, हे या भागातील जुन्या घरांनी कधीच ठरवून टाकले होते.

त्याही आधीचा प्रश्न जागेचा. मराठी गावगाड्यात जमिनीला दोन नावे होती : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. ‘काळी-पांढरी’ म्हटले की शेत आणि गाव दोन्ही आले. ही केवळ महसुली दप्तरातील विभागणी नव्हती, तिच्यामागे मातीची पारख होती. बेसॉल्ट झिजून तयार झालेल्या काळ्या मातीत पाणी शोषून फुगणारी चिकणमाती भरपूर असते. पावसाळ्यात ती वर उचलते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर उथळ पाया घातला, तर चार-दोन वर्षांत भिंतीला तिरकी चीर गेलीच म्हणून समजावे. म्हणून घर बांधायचे ते गावठाणाच्या उंचवट्यावर किंवा मुरमाड माळावर. काळीवर बांधणे भागच पडले, तर काळा थर ओलांडून खालच्या मुरमापर्यंत पाया न्यायचा, जोत्याभोवती पाणी मुरू नये म्हणून फरसबंदी करायची. ध्यानगृहासाठी शेतजमिनीच्या मधोमध, ‘निसर्गात’ म्हणून जागा निवडणारा पाहुणा नेमका काळीवर जाऊन बसतो. त्यात सुपीक जमीन वाया जाते आणि पायासाठी लागणाऱ्या काँक्रीटमुळे पर्यावरणाचा हिशेब पहिल्याच दिवशी बिघडतो. खडकाळ, पीक न देणारा माळ त्याहून शहाणपणाचा.

दगडाच्या बाबतीत हा जिल्हा श्रीमंत आहे. गोव्यातील आणि महाराष्ट्रातील कित्येक स्वयंपाकघरांत, अंगणांत, जिन्यांवर जी करडी-निळसर फरशी दिसते, ती ज्या शहाबादच्या नावाने विकली जाते ते शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यातच आहे. भीमेच्या खोऱ्यातील हा चुनखडक थरांनी तयार झालेला असल्यामुळे पहारीने पापुद्र्यासारखा सुटतो आणि भट्टीत न घालता, फारशी यंत्रे न वापरता त्याची लादी मिळते. त्याच चुनखडकावर शहाबाद, वाडी, सेडम या परिसरातील सिमेंटचे कारखाने उभे राहिले. एकाच दगडाच्या या दोन वाटा आहेत, आणि शाश्वत बांधकाम म्हणजे काय हे समजण्यास त्यांच्याइतके चांगले उदाहरण नाही.

शंभर किलो शुद्ध चुनखडक पुरेसा तापवला की छप्पन्न किलो चुना उरतो आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा वायू इंधनाचा नव्हे, दगडातूनच सुटलेला. भट्टी १४५० अंशांपर्यंत पेटती ठेवण्यासाठी जाळलेल्या कोळशाचा धूर वेगळा. जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनातील सात-आठ टक्के वाटा सिमेंटचा मानला जातो, तो यामुळेच. तोच दगड लादी म्हणून किंवा भिंतीतला चिरा म्हणून वापरला, तर खर्च होतो तो खाणीतील श्रमाचा आणि मालमोटारीच्या डिझेलचा. करजगीपासून या खाणी सुमारे शंभर किलोमीटरवर आहेत. काळा बेसॉल्ट तर पायाखालीच आहे. म्हणून भिंती जवळच्या काळ्या दगडाच्या आणि जमीन शहाबादीची, हा सरळ हिशेब. खाणीभोवती पडून राहणारे फरशीचे वेडेवाकडे तुकडे आडवे रचूनही सुरेख भिंत होते. सांध्यांसाठी चुना वापरावा. तोही भट्टीतूनच येतो, पण सुमारे नऊशे अंशांवर, आणि भिंतीत घट्ट होताना सोडलेल्या वायूपैकी बराचसा पुन्हा शोषून घेतो.

या दगडाची साधनेशी जुनी ओळख आहे. चित्तापूर तालुक्यात, भीमेच्याच काठी, सन्नतीजवळ कनगनहळ्ळी येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात उत्खनन केले आणि सातवाहनकालीन भव्य स्तूप उजेडात आणला. त्याचे शिल्पपट याच भागातील चुनखडकाचे आहेत. त्यांतील एकावर राण्या-दासींसह सम्राट अशोक कोरलेला आहे आणि ब्राह्मी लिपीत त्याचे नावही आहे. सन्नतीची चंद्रला परमेश्वरी अनेक मराठी घराण्यांची कुलदेवता. १९८६ मध्ये तेथील मंदिर-समूहातील काली मंदिराचे छत कोसळले, आणि मूर्तीच्या तळाशी बसवलेल्या शिळेवर अशोकाचे आदेश कोरलेले असल्याचे लक्षात आले. जुनी शिळा टाकून न देता पुढच्या पिढीने बैठकीसाठी वापरली होती. बांधकाम साहित्याच्या पुनर्वापराचे याहून वजनदार उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

छत कोसळून इतिहास हाती लागला, हे सन्नतीचे सुदैव. सगळीकडे तसे घडले नाही.

करजगीपासून उत्तरेला बीदरपर्यंत आणि पलीकडे मराठवाड्यात, सोलापूर जिल्ह्यात, घर म्हणजे माळवद अशी शतकानुशतकांची रीत. दगडाच्या जाड भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा, रात्री वर निजायला गच्ची. शाश्वत वास्तुरचनेच्या पुस्तकांतून या माळवदाचे भरभरून कौतुक आढळते, आणि गारव्यापुरते ते खरेही आहे. पण माळवद गळू लागले की उपाय एकच : पावसाळ्याआधी आणखी एक थर टाकायचा. दरवर्षी थोडी थोडी माती चढत जाते. फूटभर जाडीच्या मातीचे वजन एका चौरस मीटरला सुमारे पाचशे किलो भरते. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर ते साडेचार टन होते. कित्येक घरांवर थर याहून जाड होते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटे असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारीच्या परिसरात धरणीकंप झाला. गणेश विसर्जन आटोपून गावे नुकती निजली होती. तीव्रता ६.२ च्या आसपास. जगातील मोठ्या भूकंपांच्या तुलनेत मध्यम म्हणावी अशी. बळी मात्र आठ ते दहा हजारांच्या दरम्यान. माणसे मारली ती भिंतींनी आणि माळवदांनी. दगडी भिंत बाहेरून भक्कम दिसे, पण आत तिची दोन वेगळी तोंडे असत, आणि त्यांच्यामध्ये मातीत भरलेले गोटे. दोन्ही तोंडांना जोडणारे काही नाही. हादरा बसताच भिंतीचे पोट फुटले, तोंडे दोन दिशांना कोसळली आणि वरची टनावारी माती झोपलेल्यांवर आली. कुडाच्या हलक्या झोपड्या मात्र बहुधा तगल्या. त्यानंतर उभ्या राहिलेल्या नव्या गावांत काँक्रीट आले, आणि या साऱ्या टापूत दगडी घराविषयी धास्ती बसली ती आजही पुरती गेलेली नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये कलबुर्गी जिल्ह्याच्याच चिंचोळी तालुक्यात, गडिकेश्वर परिसरात, लागोपाठ सौम्य धक्के बसले तेव्हा लोक दिवसेंदिवस घराबाहेर निजले होते.

म्हणून येथे मातीचे छप्पर आणि दगडी भिंत यांचे गोडवे गाणाऱ्या आराखड्याला पहिला प्रश्न विचारला पाहिजे तो असा, की पहाटे जमीन हलली तर आत डोळे मिटून बसलेल्या तीस-चाळीस माणसांचे काय होईल? परंपरेतले साहित्य ठेवायचे, पण जोडणी सुधारायची, असा मार्ग आहे. भारतीय मानकांनी तो किल्लारीच्याच वर्षी शब्दबद्ध केला होता. दगडी भिंतीची जाडी ४५ सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे दीड फुटापेक्षा, जास्त नको. दर ६० सेंटिमीटर उंचीवर आणि आडवे १.२ मीटरपेक्षा जास्त अंतर न सोडता, भिंतीच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत आरपार जाणारा सलग दगड हवा. जोत्याला, दारा-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छताखाली सळईचा अखंड पट्टा फिरवायचा, म्हणजे चारही भिंती एखाद्या पेटीसारख्या एकत्र हलतात. एवढ्यासाठी जे थोडे सिमेंट आणि पोलाद लागेल ते बिनदिक्कत वापरावे. सिमेंट अजिबात वापरले नाही, हे मिरवण्यासाठी माणसांचे जीव पणाला लावणे हा कसला साधेपणा?

छतासाठी माळवदाची जागा घेणारी एक युक्ती केरळात काम केलेल्या लॉरी बेकर यांनी रूढ केली. काँक्रीटच्या लादीच्या खालच्या भागात ताण सळई पेलते, तेथील काँक्रीट नुसतेच वजन वाढवते. त्या जागी जुनी मंगलोरी कौले किंवा पालथी मडकी बसवली की लादी हलकी होते, सिमेंट वाचते आणि आत अडकलेली हवा उष्णतेला अडवते. वरून चुन्याचा पांढरा हात दिला, तर ऊन बरेचसे परत फेकले जाते. छताची ही काळजी का, हे सूर्याकडे पाहिले की कळते. सुमारे सतरा अक्षांशावरील या गावात मेच्या पूर्वार्धात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर असतो आणि जूनमध्ये तर किंचित उत्तरेकडे कलतो. भिंतींपेक्षा छपरालाच जास्त भाजते, आणि उत्तरेकडील खिडकीलाही पडवी लागते.

भिंतींबाबत मात्र एक बारकावा बहुतेक आराखड्यांतून निसटतो. जाड दगडी भिंत दिवसभर ऊन शोषते आणि कित्येक तासांनी, म्हणजे नेमकी रात्री, ते आत सोडते. दुपारच्या ध्यानाला ती वरदान आहे, रात्रीच्या झोपेला शिक्षा. पहाटे उठून बैठकीला बसायचे, दुपारी पुन्हा बसायचे आणि रात्री लवकर निजायचे, असा साधकांचा दिनक्रम असतो. तेव्हा ध्यानाची खोली दगडी, जाड आणि अंधारी असावी, आणि निजण्याच्या खोल्या हलक्या भिंतींच्या. त्यासाठी साहित्य शेतातच आहे. कलबुर्गी हा तुरीचा मुलूख. येथील तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. डाळ निघाल्यावर उरणाऱ्या तुराट्यांचा कूड विणून, दोन्ही बाजूंनी शेण-मातीने लिंपला की भिंत तयार. ती लवकर गार होते, पडली तरी मारत नाही, आणि दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा लिंपावी लागते. हे काम साधकांनीच करावे, असे एखाद्या शिबिराने ठरवले तर तेही साधनेत धरायला हरकत नाही.

कूड आणखी एका कामाचा आहे. दगड, चुना आणि फरशी यांची खोली फार घुमते. करजगीच्या नैर्ऋत्येला विजापुरात १६५६ मध्ये पुरा झालेला गोल घुमट आहे. त्याच्या सज्जात एका टोकाला कुजबुजले तर पलीकडे ऐकू येते आणि टाळी वाजवली तर ती अनेकदा परतते. पर्यटकाला त्याची मौज वाटते. पण हल्ली ध्यानगृह म्हटले की घुमट हवाच, असा जो आग्रह दिसतो, तो धरणाऱ्यांनी त्या सज्जात शाळेच्या सहलीसोबत दहा मिनिटे काढावीत. एकाची खाकर चाळीस जणांना ऐकू येणारी खोली मौनाच्या कामाची नव्हे. सपाट छत, लिंपलेल्या खडबडीत भिंती आणि जमिनीवर जाजम एवढ्याने आवाज मुरतो.

हे सगळे कागदावरचे वाटत असेल, तर वर्ध्याजवळचे सेवाग्राम पाहावे. तेथील मातीही काळी आणि उन्हाळा करजगीपेक्षा कडक. १९३६ मध्ये गांधीजी तेव्हाच्या सेगावात राहायला आले. त्यांचा आग्रह होता की घर आसपासच्या साहित्याने आणि गावच्या कारागिरांच्या हातूनच व्हावे. मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधलेली कुटी पुढे वाढवून बापू कुटी झाली. मातीच्या भिंती, बांबू, लाकूड, वर कौले, भोवती पडवी, जमिनीवर चटया, भिंतीवर मातीतच उठवलेली ताडाची झाडे. हलके छप्पर, बुटक्या भिंती, गडद सावली. वेळोवेळी डागडुजी होत ती आजही उभी आहे. नव्या शिबिरांच्या माहितीपत्रकांत जे शब्द दाटीवाटीने येतात, त्यांतला एकही न उच्चारता ते घर बांधले गेले.

आता पाणी. करजगीत शिबिर किती माणसांचे असावे, हे खाटांवरून ठरत नाही, छपरावर पडणाऱ्या पावसावरून ठरते. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर १०० चौरस मीटर छपरावर ७० हजार लिटर पडतो आणि गळती-गाळ वजा जाता सुमारे ५६ हजार लिटर टाकीत येतो. तीस माणसांनी दरडोई ७० लिटरमध्ये भागवले, तर दिवसाला २,१०० लिटर. म्हणजे शंभर मीटरच्या छपराने जेमतेम सत्तावीस दिवस निघतात. छपरे ५०० चौरस मीटरची असली तरी चार महिने आणि वर थोडे. उरलेल्या कोरड्या महिन्यांत विहीर किंवा कूपनलिका आलीच, आणि तिचे पाणी शेजारच्या शेतकऱ्याच्याच भूजलातून येणार. त्यामुळे सांडपाणी झाडांना, पाण्याविना चालणारी खताची शौचालये आणि भर उन्हाळ्यात शिबिरे बंद, हे नियम आराखड्याइतकेच महत्त्वाचे. पोहण्याच्या तलावाचा विचारही नको. उघड्या पाण्यातून येथे वर्षभरात पावसापेक्षा कितीतरी अधिक वाफ होऊन जाते.

उघडे पाणी टिकत नाही, हे बहमनी काळातील बीदरच्या कारागिरांनी ओळखले होते. पंधराव्या शतकात त्यांनी इराणी पद्धतीचे कारेझ खणले : जमिनीखालून मंद उताराने वाहणारे बोगदे आणि उजेड-हवेसाठी ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी. बीदरचे पठार जांभ्याचे आहे, आपल्याकडील चिऱ्याचेच. जांभ्यात मुरलेले पाणी खालच्या अभेद्य बेसॉल्टवर अडते आणि वाट मिळेल तिकडे पाझरते. गोव्यात सड्याच्या पायथ्याशी झरी फुटते ती याच कारणाने. करजगीच्या काळ्या रानात जांभा नाही, त्यामुळे कारेझ तेथे जसेच्या तसे खणता येणार नाही. पण पाणी जमिनीखाली, झाकून, सावलीत ठेवावे हा धडा घेता येतो.

नदीकाठाचा मोह मात्र आवरायला हवा. ऑक्टोबर २०२० मध्ये वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली, उजनी धरणातून प्रचंड विसर्ग सुटला आणि अफझलपूर तालुक्यातील भीमाकाठची गावे पाण्याखाली गेली. ‘नदीच्या कुशीत’ अशा जाहिरातीवर भाळण्याआधी त्या वर्षीची पूररेषा कोठे होती, हे गावातील कोणत्याही म्हाताऱ्याला विचारावे. तो भिंतीवर बोट ठेवून दाखवील. गाणगापूरच्या संगमावर गुरुचरित्राच्या पारायणाला बसणारे भाविक याबाबतीत अधिक सावध. ते सावलीसाठी औदुंबराखाली बसतात आणि नदी वाढली की उठून मठाकडे जातात. बांधकाम शून्य, नुकसान शून्य.

प्रत्यक्ष काम काढायचे, तर कारागीर जिल्ह्यातच मिळतात. दगड घडवणारे हात शहाबादच्या आसपास अजून आहेत. चुन्याचा घाणा चालवणारे मात्र दुर्मीळ झाले आहेत, आणि चुन्याच्या भिंतीला वाळायला सिमेंटपेक्षा कितीतरी अधिक वेळ द्यावा लागतो, हे ठेकेदाराला आधीच सांगून ठेवलेले बरे. कामाचा क्रमही नेहमीच्या उलट लागेल. उन्हाळ्यात, जमिनीच्या भेगा उघड्या असताना, जागा पारखायची. पहिल्या पावसाआधी कडुलिंब, चिंच आणि वडाची रोपे लावायची. मग जमिनीखालची टाकी. दगडी ध्यानगृहाचे जोते त्यानंतर, दिवाळीच्या सुमारास, काळी जमीन पुरती वाफशावर आल्यावर.